गावात काय खर्च?

मे महिन्यात आमच्या पडवीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. मुंबईहून नाहीतर पुण्याहून कुणीतरी आलेलं असतं, झोपाळ्यावर बसलेलं असतं, हातात कोकम सरबताचा पेला, पुढ्यात फणसाचे गरे. दोन गरे खाऊन झाले की ते म्हणतं, "तुमचं बाई बरं आहे. गावात काय खर्च? ना लोकलचा पास, ना मॉल. हवा फुकट, पाणी फुकट!" मी हसते आणि रात्रीच्या दहा माणसांच्या भाकऱ्यांचं पीठ चाळायला आत जाते.

या वाक्याचं उत्तर मी गेल्या सहा वर्षांत मनातल्या मनात पुष्कळदा दिलंय. आज म्हटलं, लिहूनच टाकावं. निदान ज्यांच्या घरी "चल, सोडू नोकरी आणि जाऊ गावाला" असं बोलणं सुरू झालंय, त्या मैत्रिणींना तरी उपयोग होईल.

आम्ही वीस वर्षं डोंबिवलीत राहिलो. यांचं मूळ गाव रायगडात, श्रीवर्धन तालुक्यात. घर कौलारू, मागे बारा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी. २०१९ च्या मार्चमध्ये यांच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. स्वेच्छा नावालाच, पण ते असो. हे तेव्हा बावन्न वर्षांचे, मी बेचाळीसची, आणि लेक नुकतीच बारावीची परीक्षा देऊन बसलेली. कंपनीचे, पीएफचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून अडतीस लाख रुपये हातात आले. डोंबिवलीची जागा विकली. उरलेलं कर्ज फेडून जे राहिलं, त्यातून गावच्या घराचा संडास, बोअरवेल झाली आणि लेकीच्या शिक्षणाचे बाजूला ठेवले. म्हणजे परतीचे दोर आम्ही स्वतःच्या हातांनी कापले.

अडतीस लाख! माझ्या माहेरी एवढा आकडा कुणी एका दमात उच्चारला नव्हता. यांनी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बँकेचं साडेसहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला साडेवीस हजार. गावात दोघांना चौदा हजार रग्गड. राहिलेले साठत जाणार. पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "आता आयुष्यभर सुट्टी!"

कुणाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

पुण्यात आयटीत असलेला भाचा तर खूश झाला. "मामा, तुम्ही फायर केलंत!" आम्हाला वाटलं, नोकरीवरून काढलं म्हणतोय की काय. मग त्याने समजावलं. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी साठवायची आणि लवकर निवृत्त व्हायचं, अशी तिकडे अमेरिकेत एक रीत आहे. आमच्या चौदा हजारांच्या हिशेबाने बेचाळीस लाख हवे होते. "चार लाखांनी काय अडतंय, खर्च थोडा कमी करा," तोच म्हणाला. पुढे मी त्याच्याकडून तो हिशेब नीट समजून घेतला, तेव्हा कळलं की तो मुळात तीस वर्षं पैसे पुरावेत म्हणून बांधलेला आहे, आणि तोसुद्धा तिकडच्या शेअर-रोख्यांवर. तीस वर्षांनी हे ब्याऐंशीचे होतील. मी बहात्तरची. माझी आजी त्र्याण्णव वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःचं लुगडं स्वतः धूत होती. म्हणजे निवृत्ती यांची, पण पुंजी पुरायला हवी माझ्या आयुष्याला. त्या रविवारच्या कागदावर माझं वय कुठेच नव्हतं.

पहिलं वर्ष मात्र फार सुखाचं गेलं, खोटं कशाला बोलू. पहाटे सातभाईंच्या कलकलाटाने जाग यायची. आगोटीच्या दिवसांत शेजारच्या काकींबरोबर मीही पावसाळ्याची बेगमी केली. तांदूळ भरले, कुळीथ वाळवले, आमसुलं घातली, सुकट-बोंबील उन्हात टाकले. यांचं ब्लडप्रेशर खाली आलं. सुपारीचं पीक निघालं, त्याचे चाळीस हजार आले. आपल्याकडची रोठा सुपारी, भाव बरा मिळतो.

पण खर्चाची तोंडं हळूहळू दिसायला लागली. शहरातल्या माणसाला वाटतं गावात भाजी फुकट. अहो, भाजी घाटावरून टेम्पोने येते, ती डोंबिवलीपेक्षा महाग पडते. दारात लावावी तर माकडं ठेवत नाहीत. एका सकाळी पडवळाचा अख्खा मांडव त्यांनी उतरवला. दर वर्षी पावसाआधी कौलं परतायची, त्याला माणूस मिळत नाही, मिळाला तर तो सांगेल ती मजुरी. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, शिमग्याची पालखी, लग्नाचे आहेर. त्यातून आम्ही 'मुंबईवाले', म्हणजे आमच्या नावापुढे आकडा आधीच दुप्पट लिहिलेला. आजारपणाचं तर विचारूच नका. साध्या सोनोग्राफीला दिवस मोडतो, मोठं काही झालं तर गाडी करून थेट मुंबई. कंपनीचा आरोग्यविमा निवृत्तीबरोबर संपला होता. स्वतःचा घेतला, पण यांना साखर असल्याने त्यासंबंधीच्या आजारांना चार वर्षं थांबा, असं पॉलिसीत लिहून आलं.

आणि मग ३ जून २०२० उजाडला.

निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला येऊन भिडलं. आधीच लॉकडाऊन, बाहेरून कुणी येण्यासारखं नाही. आम्ही दोघं, लेक, शेजारच्या काकी आणि त्यांची दोन नातवंडं माजघरात दाराला पाठ लावून बसलो होतो. वारा दाराला आतून जाणवत होता, जणू पलीकडून चार माणसं रेटतायत. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. पण माझ्या कानात राहिलाय तो पोफळी मोडण्याचा आवाज. एकामागून एक, कडाड, कडाड. पहिल्या पंधरा-वीस हे मोजत होते. मग गप्प झाले.

संध्याकाळी मागचं दार उघडलं तर वाडीऐवजी एकदम आभाळ. दीडशेच्या वर पोफळी होत्या, एकतीस उरल्या. अठरा माडांपैकी पाच. यांच्या आजोबांनी लावलेली झाडं होती ती. पोफळ लावली की पीक धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे एका दुपारने आमचे वर्षाचे चाळीस हजार पुढची सहा-सात वर्षं नेले. सरकारने बागायतीला हेक्टरी पन्नास हजारांची मदत जाहीर केली. ऐकायला मोठी वाटते, पण कोकणातल्या वाड्या हेक्टरात मोजायच्या नसतात, गुंठ्यांत मोजायच्या. आमच्या बारा गुंठ्यांचे होतात सहा हजार. पडलेली झाडं कापून वाडी मोकळी करायची मजुरीच त्याच्या कितीतरी वर गेली. दीड महिना वीज नव्हती. छपरासाठी दोन लाखांची ठेव मुदतीआधी मोडावी लागली. आणि त्याच वर्षी बँकांनी व्याज उतरवत उतरवत साडेपाच टक्क्यांच्या खाली आणलं. साडेवीस हजारांचे सोळा हजार झाले.

कंपनीत यांनी उत्पादन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती. संकट आलं की तक्ता करायचा, ही सवय. एका रात्री कंदिलाच्या उजेडात काटकसरीचा तक्ता झाला. गॅस फक्त सकाळच्या चहाला आणि पाहुणे आले तर. आंघोळीचं पाणी, भात, डाळ चुलीवर. पडलेल्या माडांच्या झावळ्या, सोडणं, सरपणाला काय तोटा? वीज आली तरी वॉशिंग मशीन बंद. भांडीवाली बंद. मसाला, पापड, खोबरेल तेल सगळं घरी. तक्ता बिनचूक होता. फक्त त्यातल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मी उभी होते.

मी केलं. सहा महिने बिनतक्रार केलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. आपली आजी नाही का करत होती, असं म्हणत पदर खोचला. मग कंबर धरली. मुठीत विळी धरली की अंगठा दुखायचा. एका दुपारी सरपण फोडता फोडता मला रडू आलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

आमच्या घरखर्चाच्या वहीत तीन रकाने होते. तारीख, तपशील, रुपये. पुढच्या एक तारखेला मी पट्टी घेऊन चौथा आखला, वेळ. महिनाभर लिहीत गेले. चूल पेटवून पाणी तापवणे, पाऊण तास. कपडे विहिरीवर, सव्वा तास. सरपण, भांडी, काजळी घासणे. महिनाअखेरीला बेरीज केली. तक्त्यामुळे माझं काम रोज चार तासांनी वाढलं होतं, महिन्याचे एकशे वीस. आणि वाचले किती? गॅस, वीज, भांडीवाली, सटरफटर धरून सोळाशे रुपये. तासाला तेरा रुपये. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती.

रात्री जेवणं झाल्यावर मी वही यांच्यापुढे ठेवली. वाचून म्हणाले, "म्हणजे तू मला बिल लावतेस?" मी म्हटलं, "बिल नाही, हजेरी आहे. माझी." त्यावर आमचं जे काही झालं ते पुरवणीत छापण्यासारखं नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पहाटे खुडबुड ऐकू आली म्हणून उठले, तर हे मागीलदारी बंबात फुंकर मारून मारून लालबुंद झालेले. धूरच धूर.

त्या दिवसापासून पाणी यांच्याकडे, सरपणही यांच्याकडे. वॉशिंग मशीन पुन्हा सुरू झालं. वाटणही आता हेच पाट्यावर करतात आणि ते माझ्यापेक्षा बारीक होतं, हे मी त्यांना सांगत नाही. म्हणून ते सुधारले वगैरे समजू नका. अजून पाहुण्यांसमोर "आम्ही चुलीवरचंच खातो" हे असं सांगतात, जणू चूल यांनी शोधून काढली.

इथे मला माझीही एक गोष्ट कबूल करायची आहे. डोंबिवलीत मी दहा-बारा वर्षं एका महिला सल्ला केंद्रात जात होते. नवरा गेल्यावर, नवऱ्याने सोडल्यावर कागदपत्रांसाठी वणवण करणाऱ्या किती बायका पाहिल्या. "घरातले पैशाचे कागद बघत जा गं," हे मी शेकडो जणींना सांगितलं असेल. गावी आल्यावर इथल्या बचत गटाचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, पदवीधर म्हणून. महिन्याच्या दहा तारखेला बारा जणी जमतात, शंभर-शंभर रुपये घालतात. एकदा मी अशीच कागद-बिगद सांगत होते, तर एक मावशी, जेमतेम सही करणाऱ्या, मध्येच म्हणाल्या, "वहिनी, आपल्या गटाचे पैसे किती, कुठच्या बँकेत, पासबूक कुणाकडे, मला झोपेतून उठवून विचारा. तुमच्या भाऊंचे पैसे कुठेत, तुम्हाला माहिताय?"

बारा जणी माझ्याकडे बघत होत्या. मला दोन बँकांची नावं तेवढी माहीत होती.

घरी येऊन कपाटातली फाइल काढली. सात ठेवी, साती यांच्या एकट्याच्या नावावर. चार ठेवींना वारसाचं नाव होतं ते माझ्या सासूबाईंचं. त्या २०१४ मध्ये गेल्या. यांच्या मनात काही होतं असं मुळीच नाही. जुन्या पावत्या नव्या करताना बँकेत कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. पण मनात काही नसणं आणि कागदावर माझं नाव नसणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. "उद्याच बदलू," हे म्हणाले. उद्याचा पुढचा महिना झाला, मग गणपती आले, मग पावसाने रस्ता खचला.

शेवटी काम केलं ते एसटीने. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. यांचं मात्र पूर्ण, कारण एसटीची ज्येष्ठांची सवलत पासष्टनंतर. मग काटकसरीच्या नियमाने तालुक्याची सगळी कामं माझ्याकडे! विजेचं बिल, औषधं, बँक, पोस्ट. सह्यांपुरते हे यायचे, बाकी फेऱ्या माझ्या. पाच-सहा फेऱ्यांत ठेवी दोघांच्या नावावर झाल्या, दोघांपैकी कुणालाही किंवा हयात असेल त्याला, अशा. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त खात्याची मर्यादा नऊ लाखांवरून पंधरा लाख झाली आणि व्याज ७.४ टक्के. काउंटरवरच्या बाईंनी पावतीच्या मागे आकडेमोड करून दाखवली, महिन्याला नऊ हजार दोनशे पन्नास. ठेवी जशा सुटत गेल्या तशा तिकडे वळवल्या. ज्येष्ठांच्या बचत योजनेला व्याज जास्त आहे, पण ती साठीनंतर. स्वेच्छानिवृत्तांना ती पंचावन्नपासून घेता येते, हे यांनीच कुठेसं वाचलं होतं. हे बावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तिथेही बसेनात. लवकर निवृत्त झालेल्या माणसाची ही मधली वर्षं फार विचित्र असतात. काम करणाऱ्यांत नाही, ज्येष्ठांतही नाही. सवलत कसलीच नाही, खर्च सगळे आहेत.

हां, पाहुण्यांचं राहिलं. चौथा रकाना चालू ठेवल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. मे महिन्यात तो नुसता भरून वाहायचा. मायेची माणसं आहेत, येऊ नका कसं म्हणणार? पण कोकणातलं घर म्हणजे फुकटातलं रिसॉर्ट असा समज झाला की मग मालकीण ही आपोआप तिथली आचारीण होते. गेल्या वर्षी मी सगळ्यांना फोनवर सांगितलं. या, जरूर या, पण एका वेळी सहा माणसं, रात्रीचं जेवण तुम्ही रांधायचं आणि येताना महिन्याचं वाणसामान घेऊन यायचं, यादी पाठवते. यांना हे अजिबात आवडलं नाही. "घराण्यात असं कुणी केलं नव्हतं." दोन घरं रागावली, आली नाहीत. तीन आली. धाकट्या नणंदेने पहिल्या दिवशी भाकऱ्या थापल्या, आणि रात्री माझ्याशेजारी पडवीत अंग टाकून म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं तू एकटी करत होतीस?" बाकीच्या वेळी अजून दहा माणसं होतातच, चुलत-मावस कुठे यादी विचारतात?

आता महिन्याला एकोणीस हजार लागतात. चौदाचे एकोणीस, आणि आम्ही काही चैन वाढवलेली नाही. पोस्टाचे, बँकेचे धरून भागतं. यंदा यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि पीएफची पेन्शन चालू झाली, तीन हजारांच्या आसपास. आधी घेता आली असती, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी तितके चार-चार टक्के कापून. ते मोह टाळण्याचं श्रेय यांचं. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी दोघींना यंदा फुलोरा आलाय. हे रोज बघून येतात.

आणि ऑक्टोबरमध्ये विम्याचा हप्ता आला, एकेचाळीस हजार. सप्टेंबर २०२५ पासून आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, म्हणून कमी येईल असं वाटलं होतं. पण वयाचा गट पुढे सरकला, मूळ हप्ताच वाढला. आम्ही दोघं वही उघडून बसलो. एक ठेव मोडावी का, की विम्याची रक्कम कमी करावी? लेक दिवाळीच्या आधी दोन दिवसांसाठी आली होती, आता नोकरी करते ठाण्याला. तिने ऐकलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी यांच्या मोबाइलवर हप्ता भरल्याचा मेसेज आला.

हे दिवसभर वाडीत होते. जेवायलाही उशिरा आले. मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा यांचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. आणि माझं म्हणणं असं की मुलगा असता तर हट्ट केला असता का? पण तो वाद त्या दिवशी मी काढला नाही. लेक परत गेली, तिला एसटीवर सोडून आलो.

रात्री वही लिहायला घेतली, तर त्या तारखेची ओळ आधीच भरलेली. यांचं अक्षर, ठसठशीत. तपशिलात लिहिलं होतं, 'विमा हप्ता – सौ. का. कडून', मग 'सौ. का.' खोडून तिचं नाव, आणि पुढे कंसात 'उसने'. चौथ्या रकान्यात काहीच नव्हतं.

मी ते 'उसने' तसंच राहू दिलंय.